नळी फुटली, दोष कुणाचा? स्पॅनिशमधल्या एका कबुलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मीरा (नाव बदललं आहे) नाशिकची. पुण्यात नोकरी करता करता ती माझ्याकडे स्पॅनिश शिकली, बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली आणि मास्टर्ससाठी स्पेनला गेली. कास्तिया-लेओनमधल्या एका जुन्या विद्यापीठाच्या शहरात तिने दोन मुलींबरोबर तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. एक मुलगी कोलंबियातल्या मेदेयीनची, दुसरी स्पॅनिश. करारावर तिघींच्या सह्या. घरमालक दुसऱ्या शहरात राहायचा, त्याच्याशी सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. त्यांचा मुलगा त्याच शहरात, पण वेगळ्या घरात.

हे सगळं मीराच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मेसेजमधली वाक्यं मात्र बदललेली नाहीत, कारण सगळा पेच त्या वाक्यांचाच आहे.

४ नोव्हेंबरला मीराच्या लक्षात आलं की वॉशिंग मशीनमागची फरशी सतत ओली असते. तिने फोटो काढून घरमालकाला पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली: ‘ला लावादोरा तिएने फाल्ता दे आग्वा.’ तिला म्हणायचं होतं, मशीनमध्ये पाण्याचा काहीतरी फॉल्ट आहे. आपण घरात असंच बोलतो. फ्रिजमध्ये फॉल्ट आहे, लाइनमध्ये फॉल्ट आहे. त्या फॉल्टवरून तिने ‘फाल्ता’ उचललं. पण फाल्ता म्हणजे उणीव, कमतरता. फुटबॉलमध्ये तो फाउल होतो, वहीत शुद्धलेखनाची चूक होतो, पण यंत्राचा बिघाड होत नाही. बिघाडाला स्पेनमध्ये ‘आवेरिया’ किंवा ‘फायो’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बरेचदा ‘फाया’, आणि गळतीला ‘फुगा’. तिच्या ओळीचा अर्थ झाला, ‘मशीनला पाणी कमी पडतंय.’

घरमालकाचं उत्तर लगेच आलं: ‘आब्रे मास ला यावे दे पासो.’ पाण्याचा कॉक आणखी उघड. फोटो त्याने नीट पाहिला नसावा. मीराला ते विचित्र वाटलं, पण घर त्याचं, मशीन त्याचं, त्याला जास्त कळत असेल असं समजून तिने कॉक पूर्ण उघडला.

१६ नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, ती मशीन लावून सामान आणायला गेली. बाकीच्या दोघीही बाहेर होत्या. परत आली तर मशीनला पाणी पुरवणारी नळी फुटलेली आणि स्वयंपाकघरभर पाणी. खालच्या बाईंच्या छताचा रंग फोड आल्यासारखा फुगला होता. भिंतीवरची कपाटं भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची होती. त्यांच्या कडा पाणी पिऊन इतक्या फुगल्या की दारं मिटेनात.

तो रात्रीचा मेसेज

मीरा धावत खाली गेली. दारातच रडायला लागली. ‘लो सियेंतो, लो सियेंतो मुचो, एस कुल्पा मिया’, वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, दोष माझा आहे, एवढंच तिच्या तोंडून येत होतं. बाईंनी तिला आत घेतलं, म्हणाल्या, ‘नो पासा नादा, इहा.’ काही नाही गं बाळा, होतं असं. दोघींनी मिळून फरशी पुसली. इथवर कुठेच काही बिघडलं नव्हतं. आपल्याकडे ‘माझंच चुकलं हो काकू’ म्हटलं की समोरून ‘असू दे, मुद्दाम का केलंस?’ येतं, आणि त्या दोन वाक्यांनी मिळून एक समेट होतो. स्पॅनिशमध्येही तसाच समेट होतो, आणि त्या दारात तो झालाही होता.

पण मीराला झोप येईना. अकराच्या सुमारास तिने बाईंना मेसेज पाठवला:

‘बुएनास नोचेस सेन्योरा. सोय कुल्पाब्ले दे तोदो. पोर मी कुल्पा सु कोसीना एस्ता माला. वोय आ पागार तोदोस लोस दान्योस.’

म्हणजे: शुभ रात्री बाई. सगळ्याला मी दोषी आहे. माझ्या दोषामुळे तुमचं स्वयंपाकघर खराब झालं. सगळं नुकसान मी भरून देईन.

व्याकरणाच्या अंगाने यात जवळजवळ काहीच काढता येत नाही. ‘एस्ता माला’ आजारी माणसाला किंवा नासलेल्या दुधाला शोभतं, स्वयंपाकघर ‘एस्त्रोपेआदा’ असतं, एवढंच. बाकी वर्गात हा परिच्छेद लिहिला असता तर मी बरोबरची खूण केली असती. धोका व्याकरणात नव्हताच.

बाईंनी मेसेज मुलाला दाखवला. मुलाने त्याचा फोटो रविवारी सकाळी घरमालकाला पाठवला. घरमालकाने मीराला लिहिलं: ‘सी तू मिस्मा रेकोनोसेस के एरेस कुल्पाब्ले, नो आय मास के आब्लार.’ तू स्वतःच दोषी असल्याचं कबूल करते आहेस, तर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. पुढची ओळ अशी की खर्च तुझ्या खात्यावर, आणि गरज पडली तर ‘फियांसा’ अडकवून ठेवीन. फियांसा म्हणजे आपलं डिपॉझिट. राहत्या घरासाठी कायद्याने ते एका महिन्याच्या भाड्याएवढं असतं. दुपारपर्यंत मुलाने कपाटांचा अंदाजही पाठवला: १,१८० युरो. मीराच्या वाट्याच्या चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त.

सोमवारी तिने मला फोन केला. ‘मॅडम, मी फक्त सॉरी म्हटलं होतं.’

पेच नेमका कुठे होता

‘कुल्पाब्ले’ हा काही केवळ कोर्टातला शब्द नाही. ‘मे सियेंतो कुल्पाब्ले’, म्हणजे मला अपराधी वाटतंय, मन खातंय, असं माणसं मैत्रिणीपाशी सहज बोलतात. पण ‘मे सियेंतो’ काढून तिथे ‘सोय’ ठेवलं की वाटण्याचा भाग संपतो आणि निवाडा उरतो. आरोपी गुन्हा कबूल करतो त्याला स्पॅनिशमध्ये ‘देक्लारार्से कुल्पाब्ले’ म्हणतात. मीराने त्यापुढे ‘दे तोदो’, सगळ्याला, असंही जोडलं. स्वतःला काय वाटतंय ते सांगायला निघालेली मुलगी काय घडलं आणि कुणी भरायचं यावर निकाल देऊन मोकळी झाली.

‘पोर मी कुल्पा’चंही तसंच. मराठीत ‘माझ्यामुळे’ म्हटलं की कारण कळतं, दोष असेलच असं नाही. ‘माझ्यामुळे तुम्हाला उशीर झाला’ हे निव्वळ शिष्टाचाराचं वाक्य असू शकतं. स्पॅनिशमध्ये कारण तटस्थपणे सांगायचं तर ‘देबिदो आ’ किंवा ‘आ काउसा दे’, चांगलं घडलं तर ‘ग्रासियास आ’, आणि दोष ठेवायचा तेव्हा ‘पोर कुल्पा दे’. बोलताना स्पॅनिश माणसंही ‘पोर मी कुल्पा’ सर्रास म्हणतात, पण लिहून धाडलं की शब्दाचं वजन वाढतं. त्यात कॅथलिक प्रार्थनेतली ती ओळही या भाषेच्या कानात आहेच. छातीवर हात मारत तीनदा म्हटलेलं ‘पोर मी कुल्पा, पोर मी कुल्पा, पोर मी ग्रान कुल्पा.’

आणि मग कायद्यातली कुल्पा. स्पेनची नागरी संहिता १८८९ सालची. तिचं कलम १९०२ म्हणतं की कृतीने किंवा कृती न केल्याने दुसऱ्याचं नुकसान केलं आणि त्यात ‘कुल्पा ओ नेग्लिखेन्सिया’ असेल, तर ते भरून द्यावं लागतं. इथे कुल्पा म्हणजे पाप किंवा मनाची टोचणी नव्हे. हवी ती काळजी न घेणं, एवढाच तिचा अर्थ. फौजदारी बातम्या वाचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मेक्सिकोच्या वर्तमानपत्रातलं ‘ओमिसीदियो कुल्पोसो’ म्हणजे आपला सदोष मनुष्यवध नाही. ते निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूच्या जवळचं आहे. ठरवून केलेल्या कृत्याला ‘दोलोसो’ म्हणतात. कुल्पोसोवरून माणूस जास्त दोषी असल्याचं भाषांतर करणारे मी पाहिलेत आणि त्याने बातमी पूर्ण उलटी होते.

मीराच्या बाबतीत प्रश्न असा उरला: तिने हवी ती काळजी घेतली नव्हती का? तिने तर बारा दिवस आधी फोटो पाठवला होता.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग पैसे भरून टाकण्याचा. मीराचा कल तिकडेच होता. ‘मी लिहून दिलंय, आता मागे कसं फिरू?’ तिच्या या म्हणण्यात प्रामाणिकपणा होता आणि तो मला मोडायचा नव्हता. पण पैसे भरले तर घरमालकाचा विमा, बाईंचा विमा, नळीची अवस्था यातलं काहीच कुणी पाहणार नव्हतं. शिवाय करार तिघींचा होता. मीराने एकटीने लिहिलेल्या कबुलीचा बोजा उद्या बाकीच्या दोघींवरही आला असता.

दुसरा मार्ग स्पॅनिश मैत्रिणीने सुचवला. ‘एचाले ला कुल्पा आल कासेरो.’ दोष घरमालकावर टाक, त्यानेच तर कॉक उघडायला सांगितला. स्पॅनिशमध्ये दोष ‘टाकतात’, अगदी आपल्यासारखाच. मेसेज तिच्या बाजूचा होता हे खरं. तरी मला हा मार्ग पटला नाही. नळी कॉक जास्त उघडल्याने फुटली हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि घरमालकाने तो सल्ला दिला होता तो ‘पाणी कमी पडतंय’ या वाक्याला. सरळ ‘ला कुल्पा एस तुया’, दोष तुझा, म्हटलं असतं तर त्याने तेच वाक्य दाखवलं असतं.

तिसरा मार्ग कोलंबियाच्या मुलीचा. ती म्हणाली, मी खाली जाऊन बोलते, ‘के पेना कोन उस्तेद’ म्हणते. तिच्याकडे हे अत्यंत अदबीचं बोलणं आहे. तुमच्यासमोर मला फार संकोच वाटतोय, माफ करा, असा त्याचा भाव. स्पेनमध्ये मात्र ‘के पेना’ म्हणजे ‘काय वाईट झालं हो’. हळहळ पोचली असती, क्षमायाचना पोचली नसती. आणि जे बोलायचं ते मीरानेच बोलायला हवं होतं.

चौथा मार्ग नव्याने लिहिण्याचा, आणि लिहिण्याआधी विचारून घेण्याचा. मंगळवारी मीरा विद्यापीठाच्या मदत-कक्षात गेली. तिथल्या वकील बाईंनी जे सांगितलं त्याने आमचा अर्धा मसुदा बदलला. १९९४ च्या भाडेकरार कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवण्याची दुरुस्ती मालकाकडे असते. भाडेकरूच्या हातून बिघाड झाला असेल तर ती त्याच्याकडे येते, आणि रोजच्या वापराने होणाऱ्या छोट्या दुरुस्त्याही त्याच्याच. भाडेकरूचं मुख्य काम असं की दुरुस्तीची गरज शक्य तितक्या लवकर मालकाच्या कानावर घालायची. नागरी संहितेचं कलम १५६३ मात्र भाडेकरूवर एक ओझं टाकतं: भाड्याच्या वस्तूचं नुकसान ‘सिन कुल्पा सुया’, म्हणजे आपल्या दोषाविना झालं, हे भाडेकरूने दाखवून द्यायचं. मीराच्या मेसेजने नेमकी हीच जागा घरमालकाच्या हाती दिली होती.

वकील बाईंची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. कलम १९१० प्रमाणे घरातून खाली पडलेल्या वस्तूने कुणाचं नुकसान झालं तर तिथे राहणारा जबाबदार धरला जातो. न्यायालयांनी त्यात वरून झिरपलेलं पाणीही धरलं आहे. तिथे कुल्पा सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे मीरा ‘कुल्पाब्ले’ नसूनही शेजारणीच्या दृष्टीने ‘रेस्पोन्साब्ले’, म्हणजे जबाबदार, ठरू शकत होती. तेव्हा ‘नो सोय कुल्पाब्ले’ लिहून आधीचं वाक्य उलटवणं जसं कच्चं होतं, तसंच ‘नो सोय रेस्पोन्साब्ले’ लिहिणंही धोक्याचं होतं. दोन्ही शब्द पत्रात येऊ द्यायचे नाहीत असं ठरलं.

तिसरी गोष्ट मुदतीची. १९८० च्या विमा करार कायद्याप्रमाणे नुकसानीची घटना कळल्यापासून सात दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पॉलिसीत जास्त मुदत असेल तर गोष्ट वेगळी. याला ‘दार पार्ते’ म्हणतात. घरमालकाने ते केलंच नव्हतं. भाडेकरू भरणार म्हटल्यावर त्याला घाई कशाची?

काय लिहिलं

दोन वेगळी पत्रं लिहायची ठरली. बाईंना वेगळं, घरमालकाला वेगळं. एकाच मजकुरात दिलगिरी आणि हिशेब घातले की दिलगिरी खोटी वाटते, हे माझं मत मराठी पत्रांबद्दलही आहे.

बाईंच्या पत्राची सुरुवात ‘लामेंतो मुचो लो के आ पासादो एन सु कोसीना’ अशी केली. तुमच्या स्वयंपाकघरात जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. ‘लामेंतो’ आणि ‘लो सियेंतो’ दोन्ही दुःख सांगतात, दोष घेत नाहीत. ‘लो सियेंतो’ तर मयताच्या घरीही म्हणतात. ‘पेर्दोने’ म्हटलं की क्षमा मागितली, म्हणजे आपल्या हातून काही घडलं हे धरून चाललो. ‘दिस्कुल्पे’ त्याहून हलकं. रस्ता खोदलेला असला की स्पेनमध्ये पाटी असते, ‘दिस्कुल्पेन लास मोलेस्तियास’, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मीराला ‘पेर्दोने’ घालायचंच होतं. आम्ही ते एका ठिकाणी घातलं: शनिवारी रात्री इतक्या उशिरा मेसेज करून तुम्हाला त्रास दिला त्याबद्दल. ते तर तिनेच केलं होतं.

मग घटनेचं वाक्य. ‘एल साबादो से रोंपियो ला मांगेरा दे ला लावादोरा मियेंत्रास यो एस्ताबा फुएरा.’ शनिवारी मी बाहेर असताना मशीनची नळी फुटली. इथे मीरा अडली. ‘मॅडम, हे अंग झटकणं नाही का वाटत?’ प्रश्न रास्त होता आणि आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

मी तिला म्हटलं, नाशिकला आईला फोन करून सांगशील तेव्हा काय म्हणशील? ‘मी नळी फोडली’ म्हणशील का? नाही, ‘नळी फुटली’ म्हणशील. कप हातातून निसटला तर ‘माझ्या हातून फुटला’. मराठीत फुटणं आणि फोडणं हे दोन वेगळे क्रियापद आहेत आणि आपण ते बारकाईने निवडतो. स्पॅनिशमध्ये तीच निवड ‘से’ने होते. ‘रोंपी ला तासा’, मी कप फोडला. ‘से मे रोंपियो ला तासा’, माझ्या हातून फुटला. ‘से रोंपियो ला तासा’, फुटला. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांना हे ‘से मे’ पळवाट वाटतं, कारण इंग्रजीत चुकून फुटलं तरी ‘मी फोडला’ म्हणण्याची सवय आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. मुद्दाम केलेल्या कृतीचं वर्णन इंग्रजी आणि स्पॅनिश भाषक सारखंच करत होते. अपघाताने घडलेल्या गोष्टीत मात्र स्पॅनिश भाषक कर्त्याचा उल्लेख कमी करत, आणि तो कोण होता हे त्यांच्या लक्षातही कमी राहत होतं. म्हणजे त्या बाईंच्या कानाला ‘से रोंपियो’ अगदी साधं वाक्य वाटणार होतं. उलट ‘यो रोंपी’ लिहिलं असतं तर ही मुलगी नळीशी काय करत होती, असा प्रश्न त्यांना पडला असता.

‘से मे रोंपियो’ का नाही, हेही तिने विचारलं. कारण नळी तिच्या हातात नव्हती, ती घरातही नव्हती. ‘मे’ टाकलं असतं तर जे घडलंच नाही त्यात तिने स्वतःला ओढलं असतं.

आधीच्या मेसेजबद्दल लिहिताना पहिल्या मसुद्यात ‘मला भाषा अजून नीट येत नाही म्हणून’ असं होतं. ते खरं होतं, पण मुलाला बहाणा वाटला असता, म्हणून काढलं. त्याऐवजी: त्या रात्री घाबरून मी दोषी असल्याचं लिहिलं, मला किती वाईट वाटतंय हे सांगायचं होतं. शेवटी ‘मे एन्कार्गो दे के एल पेरितो पुएदा एन्त्रार कुआंदो आगा फाल्ता.’ विमा कंपनीच्या तपासनीसाला लागेल तेव्हा घरात येता येईल हे मी पाहते. ‘मे एन्कार्गो’ म्हणजे हे काम माझ्याकडे. ‘मे आगो कार्गो दे लोस दान्योस’ लिहिलं असतं तर नुकसान पुन्हा तिच्या पदरात पडलं असतं. दिसायला सारखी, पैशाच्या दृष्टीने फार लांबची वाक्यं. आणि ‘आगा फाल्ता’ इथे अगदी आपल्या जागी बसलं: गरज पडेल तेव्हा.

घरमालकाचं पत्र छोटं होतं. ४ नोव्हेंबरला फोटो पाठवला, तो पुन्हा जोडला. ‘फुगा दे आग्वा’ लिहायचं होतं तिथे मी ‘फाल्ता दे आग्वा’ लिहिलं, ‘एसे फायो एस मीओ’, ती चूक माझी. फोटोत नळीच्या सांध्याखाली पाणी दिसतं आहे. आपण कॉक उघडायला सांगितलंत, मी उघडला. शनिवारच्या आत विमा कंपनीला कळवावं ही विनंती. कुल्पा हा शब्द कुठेही नाही. त्या प्रकरणात मीराचं जे खरोखर चुकलं ते मात्र स्पष्ट शब्दांत आहे.

पुढे काय झालं

बाईंनी पत्र वाचून मीराला खाली बोलावलं आणि कॉफी दिली. त्यांना पैसे नकोच होते, कपाटं नीट व्हायला हवी होती. मुलाने उत्तर दिलं नाही. घरमालक दोन दिवस गप्प होता, मग २१ तारखेला त्याने एका ओळीत कळवलं की विम्याकडे सूचना दिली आहे.

तपासनीस पुढच्या आठवड्यात आला. इथे एक गोष्ट थोडक्यात निभावली. फुटलेली नळी स्पॅनिश मैत्रिणीने रविवारीच कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. मीराने पिशवी खाली जाण्याआधी ती परत काढली, कशासाठी हे तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. तपासनीसाने नळी वाकवून पाहिली. रबर कडक झालेलं, धातूच्या कड्यापाशी लांब चीर, आणि चिरेच्या कडेला चुन्याचा पांढरा थर, म्हणजे पाणी तिथून आधीपासून झिरपत होतं. अहवालात कारण लिहिलं: नळी जुनी होऊन झिजली. कॉकचा उल्लेख नाही. बाईंच्या विमा कंपनीने छत आणि कपाटांचे पैसे दिले आणि घरमालकाच्या कंपनीकडे वसुली लावली. मीराचं डिपॉझिट शाबूत राहिलं.

घरमालकाचं वागणं मात्र तुटक झालं ते झालंच. जूनमध्ये तिघींनी घर सोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

४ नोव्हेंबरला ‘ला लावादोरा पियेर्दे आग्वा’, मशीनमधून पाणी गळतंय, एवढं लिहिलं असतं तर बाकीचं घडलं नसतं, असं म्हणता येईल. मला ते अर्धंच पटतं. फोटो बोलत होता. घरमालकाने ‘के फाल्ता?’, काय कमी आहे, एवढं जरी विचारलं असतं तरी उलगडा झाला असता. भाषा कच्ची असलेल्या भाडेकरूचा मेसेज आला की फोटो मोठा करून पाहणं हे मालकाचं काम आहे.

शनिवारच्या रात्री एकच ओळ पुरली असती: ‘लो सियेंतो मुचिसिमो, मान्याना आब्लामोस कोन काल्मा.’ खूप वाईट वाटतंय, उद्या शांतपणे बोलू. दारात रडून जे म्हटलं ते चेहऱ्यासकट म्हटलं होतं, म्हणून बाईंना कळलं. तेच लिहून पाठवलं तेव्हा चेहरा गळून पडला आणि निवाडा तेवढा मुलापर्यंत पोचला.

तिघींनी भाडेकरूंचा छोटा विमा घेतला असता तर १,१८० युरोंची धास्तीच नव्हती. स्पेनमध्ये भाडेकरूला तो सक्तीचा नाही, पण दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात येते. कलम १९१० माहीत झाल्यावर मी तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो घ्यायला सांगते.

आणि शिकवण्याबद्दल. पाठ्यपुस्तकं ‘लो सियेंतो’ आणि ‘पेर्दोन’ पहिल्या धड्यांत देतात आणि मग हा विषय सोडून देतात. बी-वनला सगळा वेळ सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा-शंका सांगणाऱ्या क्रियारूपांत, जातो. तेनेर ला कुल्पा (दोष असणं), एचार ला कुल्पा (दोष टाकणं), सेर कुल्पाब्ले (दोषी असणं), सेन्तिर्से कुल्पाब्ले (अपराधी वाटणं), आ सिदो सिन केरेर (मुद्दाम नाही केलं) हे सगळं विद्यार्थी इकडून तिकडून गोळा करतात. यंदापासून मी मीराचा तो रात्रीचा मेसेज तिच्या परवानगीने वर्गात देते आणि तीन पत्रं लिहायला सांगते: शेजारणीला, घरमालकाला, आणि घरमालक म्हणून मीराला. तिसरं पत्र सगळ्यांना अवघड जातं. मालकाच्या खुर्चीत बसल्यावर बहुतेक मुलं पहिल्याच ओळीत ‘रेकोनोसेस’, तू कबूल करतेस, असं लिहितात, आणि फोटोचा विषयच काढत नाहीत.